मॅग्नेटाइट खाणीत पैसे घालायचे का? माहितीपत्रकातले आकडे तपासून हवेत

दांडियाबाजार_७

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्यातले नऊ जण आहोत, दांडिया बाजार, वाडी आणि कारेलीबागेतले. राजस्थानातल्या एका मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज) पट्ट्यावर काम करणाऱ्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचं माहितीपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आहे. प्रत्येकी किमान १० लाख मागताहेत. कंपनीचं नाव इथे देत नाही, आकडे मात्र जसेच्या तसे देतो:

साठा १२ कोटी टन, सरासरी लोह ३१%. चुंबकी चाचणीत ६८.५% लोहाचं कॉन्सन्ट्रेट (दळून, चुंबकानं वेगळा केलेला माल), उतारा ३८% (१०० टन दगडातून ३८ टन). तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी २५ लाख टन कॉन्सन्ट्रेट. भांडवली खर्च ₹४५० कोटी, उत्पादनखर्च टनाला ₹१,९००. शेवटी ठळक अक्षरांत: "डीआर ग्रेड पेलेटसाठी योग्य, हेमटाइटपेक्षा चढा भाव." (डीआर म्हणजे खनिज न वितळवता थेट लोखंड करण्याची पद्धत, पेलेट म्हणजे खनिजाच्या पुडीच्या भाजलेल्या गोळ्या, हेमटाइट म्हणजे नेहमीचं लाल लोहखनिज.)

पैसे घालायचे की नाही हे आमचं आम्ही ठरवू. आधी एवढंच सांगा, हे आकडे एकमेकांशी जुळतात का? कंपनीकडून कोणते कागद मागवावेत? आमच्यातल्या दोघांचं म्हणणं आहे की खाणीपेक्षा वॉशरीला, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्याला, लागणारी मॅग्नेटाइट पूड बनवण्याचं छोटं युनिट टाकावं. त्यात काही अर्थ आहे का?

भूस्तर

"साठा" या शब्दावरच आधी बोट ठेवा. मराठीत आपण रिझर्व्ह आणि रिसोर्स दोन्हींना साठाच म्हणतो, आणि माहितीपत्रकं त्याचाच फायदा घेतात. जमिनीखाली माल आहे असा अंदाज म्हणजे रिसोर्स. तो फायद्यात काढता येतो हे खाण आराखडा, खर्च आणि परवानग्यांसह दाखवलं की त्यातला तेवढा भाग रिझर्व्ह. १ एप्रिल २०१५ च्या राष्ट्रीय खनिज सूचीत देशाचं मॅग्नेटाइट जवळपास १,०७९ कोटी टन धरलं आहे, पण त्यातलं रिझर्व्ह फक्त ५.३ कोटी टनांच्या घरात. उरलेलं सगळं रिसोर्स. म्हणून एकटी कंपनी १२ कोटी टन "साठा" लिहिते तेव्हा तो कोणत्या वर्गातला, हे लेखी विचारा. आपल्याकडे यूएनएफसीचे (खनिजसाठ्यांचं संयुक्त राष्ट्रांचं वर्गीकरण) आकडी वर्ग आहेत: १११, १२१, १२२ म्हणजे रिझर्व्ह, ३३३ किंवा ३३४ असेल तर तो अजून अंदाजच. त्यासोबत ड्रिलिंगच्या भोकांची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि खोलीही मागा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. "सरासरी लोह ३१%" हे एकूण लोह आहे. चुंबकाला ते सगळं चिकटत नाही. मॅग्नेटाइटचा माथा हवापाण्यानं गंजून मार्टाइट होतो. स्फटिकाचा आकार मॅग्नेटाइटचा, पण आतून हेमटाइट. कमी तीव्रतेच्या चुंबकी ड्रमवरून (आत चुंबक असलेलं फिरतं पिंप) तो सरळ टाकाऊ गाळात जातो. ग्रुनेराइटसारख्या सिलिकेटमधलं आणि सायडेराइटमधलं लोहही हिशेबात धरलेलं असतं, पण हाती येत नाही. गंजलेला थर किती मीटर आहे आणि तो सरासरीत धरला की वगळला, हे विचाराच. नमुन्याचा तुकडा हाती आला तर टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा. रेघ काळी उमटली तर मॅग्नेटाइट. तपकिरी-लाल उमटली तर चुंबक चिकटो वा न चिकटो, त्यात हेमटाइट शिरलेला आहे.

रासायनिक तपासणीत गंधक आणि टायटॅनियम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गंधक पायरोटाइटमधून आलं असेल तर पंचाईत, कारण पायरोटाइटही बहुधा चुंबकी असतो आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये सोबत येतो. तो काढायला वेगळं फ्लोटेशन (फेसावर कण तरंगवून काढणं) बसवावं लागतं. टायटॅनियम मॅग्नेटाइटच्या स्फटिकातच मुरलेलं असेल तर कितीही दळा, सुटत नाही, आणि भट्टीत स्लॅग घट्ट होते.

मकरपुरा_मिल

भूस्तर यांनी खनिजाचं सांगितलं, मी दळणाचं सांगतो. मॅग्नेटाइटच्या धंद्यात खाण हा छोटा भाग, खरा कारखाना म्हणजे चक्की. ६२-६४% चं हेमटाइट फोडून, चाळून विकता येतं. ३१% चं मॅग्नेटाइट मात्र पिठासारखं दळल्याशिवाय विकताच येत नाही.

चुंबकी चाचणी म्हणजे डेव्हिस ट्यूब. तिरकी काचेची नळी, दोन्ही बाजूंना विद्युतचुंबक, आत १०-२० ग्रॅम दळलेला नमुना आणि वाहतं पाणी. नळी मागेपुढे हलते, वाळू वाहून जाते, मॅग्नेटाइट चुंबकापाशी थांबतं. त्या निकालाला अर्थ यायला एकच गोष्ट लागते: नमुना किती बारीक दळला होता? ४५ मायक्रॉनला ६४% देणारा दगड २५ मायक्रॉनला ६८% देऊ शकतो. प्रयोगशाळेत २० ग्रॅम दळायला काही लागत नाही, कारखान्यात त्याच चार टक्क्यांसाठी मेगावॉट मोजावे लागतात. ट्यूबमध्ये धुणंही प्लांटपेक्षा स्वच्छ होतं, त्यामुळे प्लांटचा निकाल सहसा थोडा खालीच येतो.

@दांडियाबाजार_७, माहितीपत्रकात "पी-८०" असा आकडा कुठे आहे का? ८०% माल ज्या मापाखाली जातो ते माप.

दांडियाबाजार_७

आहे, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: पी-८० २५ मायक्रॉन. बॉन्ड वर्क इंडेक्स १४ असंही लिहिलंय.

मकरपुरा_मिल

हे दोन आकडे छापले हे चांगलं केलं त्यांनी. आता हिशेब होतो.

वर्क इंडेक्स म्हणजे दगड दळायला किती कठीण याचा आकडा. बॉन्डचं सूत्र: टनाला लागणारी विजेची युनिटं = १० × वर्क इंडेक्स × (१ भागिले वर्गमुळात बाहेर पडणाऱ्या मालाचं माप, वजा १ भागिले वर्गमुळात आत जाणाऱ्या मालाचं माप), मापं मायक्रॉनमध्ये. आत जाणारा माल ३,६०० मायक्रॉन धरा, वर्गमूळ ६०. बाहेर २५, वर्गमूळ ५. म्हणजे १४० × (०.२ − ०.०१६७) = २५.७ युनिट. हे सूत्र ७५ मायक्रॉनखाली कमी आकडा दाखवतं, म्हणून बारीकपणाचा गुणक लावतात: (२५ + १०.३) ÷ (१.१४५ × २५) = १.२३. आकडा झाला ३१.७. पण हे टनभर दगडाचं झालं. उतारा ३८% म्हणजे एक टन कॉन्सन्ट्रेटला २.६३ टन दगड दळायचा, म्हणजे ८३ युनिट.

सगळाच दगड २५ पर्यंत दळणं कोणी करत नाही, करू नये. आधी १५० मायक्रॉनला आणायचा (९.१ युनिट), पहिल्या चुंबकी ड्रमवरून फिरवायचा आणि तिथेच वांझ दगड टाकून द्यायचा. समजा ४५% गेला. उरलेला ५५% फक्त २५ पर्यंत दळायचा: गुणकासह २०.४ × ०.५५ = ११.२. एकूण २०.३, कॉन्सन्ट्रेटच्या टनाला ५३-५४ युनिट. म्हणजे टप्प्यांत दळलं की तिसऱ्या हिश्शाहून जास्त वीज वाचते. पहिल्या ड्रमवर ४५% खरंच जातो का, हे त्यांच्या चाचणी अहवालात दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ८३ धरूनच चला.

आता ₹१,९०० कडे या. ५३.५ युनिट × ₹७.५० = ₹४०० नुसत्या दळणाचे. एक टन कॉन्सन्ट्रेटसाठी २.६३ टन खनिज, वर तेवढाच फालतू दगड काढायचा धरला तर ५.२६ टन दगड फोडून उचलायचा. टनाला समजा ₹२०० लागले तर ₹१,०५२. झाले साडेचौदाशे. उरलेल्या ₹४५० त क्रशर, रोल प्रेस, गोळे, लायनर, पंप, फिल्टर, गाळाचं धरण, पगार आणि व्याज बसवायचं. यात सरकारी देणी धरलेलीच नाहीत. फालतू दगडाचं प्रमाण माहितीपत्रकात का नाही, हा प्रश्न विचाराच.

प्लांटमध्ये काय बिघडतं तेही सांगतो, कारण माहितीपत्रकातली ६८.५% इथेच गळते. पहिल्या ड्रममधून निघालेले मॅग्नेटाइटचे कण स्वतःच बारके चुंबक झालेले असतात. ते एकमेकांना चिकटून झुपके करतात आणि मधे वाळूचे कण पकडून ठेवतात. हा माल सायक्लोनमध्ये (जाड-बारीक कण वेगळे करणारा शंकू) गेला की सायक्लोन झुपक्याला जाड कण समजतो आणि मिलकडे परत पाठवतो. आधीच बारीक झालेला माल पुन्हा दळला जातो, वीज जाते, सिलिका तशीच राहते. त्यावर उपाय म्हणजे सायक्लोनआधी डीमॅग कॉइल, म्हणजे कणांचं चुंबकत्व घालवणारी कॉइल. शेवटच्या टप्प्यात बारीक जाळीच्या कंपन चाळण्या लावल्या तर आणखी बरं. दुसरी गोष्ट म्हणजे जोडकण, अर्धा मॅग्नेटाइट, अर्धा क्वार्ट्झ. चुंबक त्यालाही ओढतोच. म्हणून सिलिका जास्त आली की नवखी माणसं ड्रमची आणखी एक ओळ लावतात, आणि फरक शून्य पडतो. जोडकण दळल्याशिवाय सुटत नाही.

ड्रमचं स्टेनलेसचं कवच स्लरीनं (पाणी आणि दळलेल्या खनिजाचा रबडा) झिजतं. भोक पडून पाणी आतल्या चुंबकांपर्यंत पोचलं की पूर्ण ड्रम उतरवावा लागतो. रबराचं किंवा सिरॅमिकचं आवरण सुरुवातीलाच घ्यावं, एक ड्रम जादा ठेवावा.

भूस्तर

डीआर ग्रेडच्या दाव्याचा हिशेब मी करतो. शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये लोह ७२.४%. म्हणजे ६८.५% च्या कॉन्सन्ट्रेटमध्ये मॅग्नेटाइट ९४.७%, उरलेली ५.३% बहुतेक सिलिका. पेलेट भाजताना १,२५०-१,३००° ला मॅग्नेटाइटचं हेमटाइट होतं, ऑक्सिजन घेऊन वजन वाढतं, त्यामुळे लोहाची टक्केवारी खाली येते: ६८.५ ÷ १.०३३ = ६६.३. बेंटोनाइट (गोळी बांधायची माती) पाऊण टक्का घातला की ६६ च्याही किंचित खाली. डीआर ग्रेड पेलेटला ६७% च्या वर लोह आणि सिलिका-अ‍ॅल्युमिना मिळून जेमतेम तीन टक्के लागतात. इथे एकटी सिलिकाच पाच टक्के. त्यांच्याच आकड्यांनी त्यांचा दावा पडतो. तिथे पोचायचं तर कॉन्सन्ट्रेट ७०% च्या आसपास हवं, म्हणजे आणखी बारीक दळण किंवा सिलिकाचं फ्लोटेशन.

एक गोष्ट मात्र मॅग्नेटाइटच्या बाजूची आणि खरी आहे. हे भाजताना होणारं ऑक्सिडेशन स्वतःच उष्णता देतं, म्हणून मॅग्नेटाइटच्या पेलेटला हेमटाइटपेक्षा बाहेरचं इंधन बरंच कमी लागतं. स्वीडनमधल्या किरुनाच्या पेलेटचा मोठा फायदा तोच आहे. पण तिथलं खनिज जमिनीतूनच ६०% च्या आगेमागे निघतं. ३१% वाल्यानं किरुनाचं नाव घेऊ नये.

ताळेबंद

सरकारी देणी मांडतो, कारण धंदा तिथे बसतो किंवा उठतो. जानेवारी २०१५ पासून लोहखनिजाच्या नव्या लीज लिलावानेच मिळतात. बोली लागते ती विकलेल्या खनिजाच्या किमतीच्या टक्क्यांत, आणि किंमत धरतात ती इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने जाहीर केलेली राज्यवार सरासरी. तुम्हाला प्रत्यक्षात काय भाव मिळाला याच्याशी तिचा संबंध नाही. समजा जाहीर सरासरी ₹३,००० आहे. रॉयल्टी १५% म्हणजे ₹४५०. जिल्हा खनिज निधी, लिलावाच्या लीजवर रॉयल्टीच्या १०%, ₹४५. बोली ८०% ची असेल तर ₹२,४००. झाले ₹२,८९५, आणि अजून एक खडाही दळलेला नाही. ओडिशात २०२० च्या लिलावांत १००% च्या वर बोली गेल्या होत्या. तेव्हा पहिला प्रश्न हाच: तुमची लीज जुनी की लिलावाची, आणि लिलावाची असेल तर प्रीमियम, म्हणजे बोली, किती टक्के?

दुसरा प्रश्न, हाती नेमकं काय आहे? लीजचा नोंदणीकृत करार की नुसतं लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे इरादापत्र? खाण आराखडा मंजूर आहे का, पर्यावरण मंजुरी आहे का, वनजमीन असेल तर ती मंजुरी कुठवर आली? दळणाचा प्लांट लीजच्या हद्दीत आहे की बाहेर, हेही पाहा. नियम असा आहे की प्रक्रिया हद्दीत केली तर रॉयल्टी बाहेर जाणाऱ्या प्रक्रिया झालेल्या मालावर, कच्चा दगड हद्दीबाहेर नेऊन दळला तर कच्च्या दगडावर. २.६३ टन दगडाला १ टन माल निघतो तिथे या एका रेषेनं सगळा हिशेब बदलतो.

₹४५० कोटींबद्दल. ऑस्ट्रेलियातला आयर्न ब्रिज प्रकल्प २०१९ मध्ये २.६ अब्ज डॉलरवर मंजूर झाला, ३.९ अब्जांवर गेला, २०२३ मध्ये सुरू झाला. क्षमता वर्षाला २.२ कोटी टन, म्हणजे टनामागे सुमारे १७७ डॉलर. त्या मापानं २५ लाख टनांना ₹३,७०० कोटींच्या घरात खर्च येतो. आपल्याकडे मजुरी आणि बांधकाम स्वस्त आहे, बंदर आणि पाइपलाइन वगळा, तरी आठपट फरक कुठून आला ते कंपनीनं यंत्रवार दाखवायला हवं. त्याच ऑस्ट्रेलियातला सायनो आयर्न प्रकल्पही काही वर्षं उशिरा आणि मूळ अंदाजाच्या कितीतरी पट खर्चात उभा राहिला. पहिलं जहाज डिसेंबर २०१३ मध्ये निघालं. मॅग्नेटाइटचे प्रकल्प बहुधा इथेच अडकतात: खनिज असतं, प्लांट ठरल्या वेळेत ठरल्या क्षमतेला येत नाही आणि व्याज मात्र धावत राहतं.

आपल्या देशातलं उदाहरण कुद्रेमुखचं. १९७६ ची सरकारी कंपनी, घाटातून मंगळुरूपर्यंत ६७ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन, सगळं चालू स्थितीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २००५ संपताना खाण बंद झाली, कारण ती राष्ट्रीय उद्यानात होती. मंगळुरूचा पेलेट प्लांट त्यानंतर विकतच्या हेमटाइटवर चालवावा लागला. आजही कोणी मॅग्नेटाइटची कंपनी म्हणून केआयओसीएलचे, म्हणजे याच कुद्रेमुखच्या कंपनीचे, शेअर सुचवत असेल तर हे लक्षात ठेवा.

धोरणही एका रात्रीत फिरतं. २२ मे २०२२ ला पेलेटच्या निर्यातीवर ४५% शुल्क लागलं, १९ नोव्हेंबरला काढलं. मधल्या सहा महिन्यांत निर्यातीवर बेतलेले हिशेब कोसळले.

आता तुमच्या पैशांचं. खासगी वाटपानं शेअर देताना कंपनी कायदा २०१३, कलम ४२ प्रमाणे एका आर्थिक वर्षात २०० जणांपलीकडे जाता येत नाही आणि जाहिरात करता येत नाही. तुमच्या नावाचं, अनुक्रमांक घातलेलं पीएएस-४ देकारपत्र आलं पाहिजे. पैसे तुमच्याच बँक खात्यातून जायला हवेत, रोख नाही, दुसऱ्याच्या नावानं नाही. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत परतफेड, तीही केली नाही तर साठावा दिवस संपल्यापासून वर्षाला १२% व्याज. व्हॉट्सअ‍ॅपवर गटागटांत फिरणारं माहितीपत्रक या चौकटीत बसत नाही. नऊ जणांनी एकाच्या नावावर पैसे जमा करून देण्याचा विचार असेल तर तो आजच सोडा, कागदावर बाकीच्या आठ जणांचं काहीच राहणार नाही.

मकरपुरा_मिल

गाळाचा आणि पाण्याचा हिशेब राहिला होता. २५ लाख टन कॉन्सन्ट्रेटला वर्षाला ६५.८ लाख टन दगड, म्हणजे ४०.८ लाख टन गाळ. बसलेल्या गाळात वजनाच्या ३०% पाणी अडकून राहतं असं धरलं तर वर्षाला साडेसतरा लाख घनमीटर, रोजचे ४८ लाख लिटर, आणि हे परत मिळत नाही. राजस्थानात एवढं पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या करारानं? १२ कोटी टन पुरतील १८ वर्षं. तेवढा गाळ २० मीटर उंचीनं साठवला तरी २४५ हेक्टर लागतात. ती जमीन ताब्यात आहे का? गाळ फिल्टरनं पिळून कोरडा रचला तर पाणी वाचतं, धरण फुटायची भीती जाते, पण फिल्टरवर वेगळा मोठा खर्च येतो. ब्राझीलमध्ये २०१५ आणि २०१९ ला लोहखनिजाच्या गाळाची धरणं फुटून माणसं गेली. हा खर्च टाळणाऱ्या कंपनीत पैसे घालूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉशरीच्या पुडीबद्दल: हा धंदा लहान आहे पण समजण्यासारखा आहे. कोळसा धुताना पाण्यात मॅग्नेटाइट मिसळून जड द्रव करतात, कोळसा तरंगतो, दगड बुडतो. मॅग्नेटाइट चुंबकानं परत मिळवतात, तरी कोळशाच्या टनामागे अर्धा-एक किलो जातंच. विकायचं तेवढंच. ग्राहक तीन गोष्टी तपासतो: चुंबकी भाग ९५% च्या वर, घनता ५ च्या जवळ, आणि ४५ मायक्रॉनखाली ९० ते ९५%. जाड राहिली तर टाकीत बसते, फार बारीक झाली तर द्रव घट्ट होतो आणि चुंबकातून निसटते. पण वॉशऱ्या आहेत झारखंड, छत्तीसगड, ओडिशात. इथे दळून तिकडे पाठवलं तर भाडंच नफा खाईल. आपल्या बाजवा-नंदेसरी पट्ट्यात मॅग्नेटाइटचा एक उपयोग आहे, अमोनियाच्या उत्प्रेरकाचा, तो वितळवलेल्या मॅग्नेटाइटपासूनच बनतो. मात्र त्याला फार शुद्ध माल लागतो आणि एकदा भरलेला उत्प्रेरक वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे नवख्यानं त्यावर युनिट बेतू नये.

दांडियाबाजार_७

सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे देणं थांबवलं आहे. यूएनएफसी वर्ग, लीजचा करार, प्रीमियमची टक्केवारी, टप्प्याटप्प्याचा चुंबकी अहवाल, पाण्याचा करार आणि पीएएस-४ अशी यादी कंपनीला ईमेलनं पाठवली. त्यांनी आठवड्यात डेव्हिस ट्यूबचा मूळ अहवाल देतो म्हटलंय. तो आला की सर्वात आधी काय पाहू?

भूस्तर

मूळ खनिजाच्या तपासणीत फेरस ऑक्साइडचा रकाना. मॅग्नेटाइटमध्ये फेरस ऑक्साइड ३१% असतं. ३८% उतारा आणि ६८.५% लोह खरं असेल तर मूळ दगडात किमान ३६% मॅग्नेटाइट हवं, म्हणजे फेरस ऑक्साइड किमान ११.२%. सिलिकेटमधलं लोह हा आकडा वाढवू शकतं, कमी करू शकत नाही. तिथे ८ किंवा ९ लिहिलेलं दिसलं तर अहवालातले दोन आकडे एकाच दगडाचे नाहीत. रकानाच नसेल तर त्याच कोअरच्या (ड्रिलिंगमधून निघालेला दगडाचा दांडा) नमुन्याची सॅटमॅगन तपासणी मागा, ती थेट चुंबकी भागाची टक्केवारी देते. आणि नमुना कोणत्या भोकातून किती मीटर खोलीवरून घेतला, ते पान फाडलेलं नाही ना, तेवढं पाहा.